आठ ग्रॅमचा फरक

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बाबांनी पेन्सिलीच्या टोकाने कोळ्याला हळूच ढोसले. कोळी कलंडला. तो आतून पोकळ होता.

मित्रांनो, हे मी तीन वितींवरून पाहिले. मी एक जुना तराजू आहे. पितळेची दोन पारडी, एक दांडी, मधोमध उभा काटा, एवढाच माझा संसार. माझ्या अंगात विष नाही, विष उतरवणारे औषधही नाही. मला एकच गोष्ट येते: खरे वजन सांगणे. त्या घरात नेमके तेच कोणी ऐकले नाही, म्हणून ही हकिकत सांगतो.

माझी दांडी एका कारागिराने कानशीने तीन दिवस घासली. दोन्ही बाजू केसाइतक्याही कमीजास्त नाहीत, अशी खात्री झाल्यावरच त्याने मला विकायला ठेवले. बाबांनी मला आपल्या औषधांच्या दुकानात आणले आणि अडतीस वर्षे मी तिथे काम केले. पुड्या बांधण्याआधी प्रत्येक चूर्ण माझ्या पारड्यातून जाई. कोणी घाई केली, की बाबा म्हणत, "काटा थांबू द्या हो. औषध आहे ते, फुटाणे नव्हेत." माझ्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. पुढे औषधे बंद पाकिटांतून येऊ लागली, दुकान गेले, आणि मी कपाटावर जुन्या छत्र्यांच्या शेजारी धूळ खात पडलो. सात वर्षे मला कोणी हात लावला नाही.

मला खाली काढले ते बाबांच्या मुलाने. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोरखंड, ब्रेक, दाराची कडी, सगळे रोज दोनदा तपासणारा माणूस. त्याला मी पुन्हा हवा झालो याचा मला केवढा आनंद झाला! कशासाठी हवा, ते नंतर कळले.

टपालाने एक पाकीट आले होते. वर लिहिले होते, 'खेळणी'. आत कापसात गुंडाळलेली नळी, आणि नळीत तपकिरी, तळहाताएवढी कोळीण. दूर देशातली, चावली तर माणूस काही तासांत दगावेल अशी. विकणारा कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हते. मुलाने तिचे नाव ठेवले राणी.

त्याची बायको घरीच पडदे शिवते. तिने नळी पाहिली आणि दोन पावले मागे सरली. "अहो, घरात रांगतं पोर आहे!"

"अगं, ती पेटीत असते. पेटीला झाकण आहे. मी रोज शंभर माणसांचा जीव सांभाळतो, एक कोळी सांभाळता येणार नाही मला?"

"लिफ्टला पाय नसतात," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती राणीला सवत म्हणू लागली. "आज माझी सवत जेवली का?" असे विचारून ती हसायची, पण हसताना तिचे डोळे दहा महिन्यांच्या चिमीला शोधत असायचे.

राणी वाढते आहे का ते वजनावरून कळते, पण तिला हातात घेणे शक्यच नव्हते. म्हणून दर रविवारी सकाळी तो अख्खी प्लॅस्टिकची पेटी, माती आणि झाडाच्या सालीच्या नळीसारख्या तुकड्यासकट, माझ्या डाव्या पारड्यात ठेवायचा. उजवीकडे वजने. आकडा वहीत. माती सुकून आठवड्याला दोनेक ग्रॅम कमी व्हायचे, तेवढे पाणी तो शिंपडायचा. पेटीत उबेसाठी एक छोटा दिवा होता. त्याची वायर जावी म्हणून झाकणाच्या कोपऱ्यात भोक पाडलेले होते. वजनाच्या वेळी तो दिवा बाहेर काढायचा, मग परत आत सोडून वायरीभोवती कापूस कोंबायचा. लिफ्टमध्ये असे कापसाचे काम त्याने कधी खपवून घेतले नसते. घरात घेतले.

कोळी वाढला की कात टाकतो. त्याआधी जेवण सोडतो. राणीने तीन आठवडे काही खाल्ले नाही. बाबा तेव्हा मुलीकडे परगावी गेले होते, नाहीतर पुढचे कदाचित टळले असते.

मागच्या रविवारी पेटी माझ्या पारड्यात आली आणि माझा काटा सरकन उजवीकडे गेला. आठ ग्रॅम कमी. मित्रांनो, दोन ग्रॅम मातीच्या ओलाव्याचे होते. उरलेले सहा राणीचे.

सालीच्या नळीच्या तोंडाशी नेहमीसारखे चार पाय दिसत होते. पण ते पाय पारड्याला काहीच भार देत नव्हते. मी जीव तोडून काटा उजवीकडे धरून ठेवला. माझ्याजवळ दुसरी भाषाच नाही.

त्याने पेटी वाकून पाहिली. पाय दिसले. मला टिचकी मारली. "तराजू म्हातारा झाला. आणि उन्हाळा काय कमी आहे? माती पार वाळली असणार." मग त्याने चमचा घेतला आणि मातीत पाणी घालू लागला. एक चमचा. अर्धा चमचा. काही थेंब. काटा मधोमध येईपर्यंत.

आयुष्यात मी पहिल्यांदा खोटे बोललो, आणि तेही त्याने मला बोलायला लावले म्हणून. त्याने वहीत लिहिले, 'आठ कमी. पाणी घातले. ठीक.'

पुढचे सात दिवस मी पेटीशेजारी टेबलावर बसून काय काय पाहिले ते विचारू नका. चिमी जमिनीवर रांगत होती, टेबलाखाली जाऊन चिंध्या तोंडात घालत होती. तिची आई कापडाच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून अस्तर शोधत होती. बाप न झटकता बुटात पाय सरकवत होता. दर वेळी माझी पारडी थरथरायची. कोणी म्हणे वारा आला, कोणी म्हणे रस्त्यावरून ट्रक गेला. आणि पेटीत राणीच्या जेवणासाठी सोडलेला रातकिडा मजेत ओरडत होता.

शनिवारी संध्याकाळी बाबा परतले. रविवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले. माझ्यावरची धूळ त्यांनी धोतराच्या फडक्याने पुसली, आणि त्यांचे कान टवकारले.

"रातकिडा कोणी पाळलाय?"

"पाळला नाही बाबा," मुलगा दाढी करता करता म्हणाला, "ते राणीचं जेवण आहे."

"कधी वाढलंस?"

"झाले आठ-नऊ दिवस."

"जेवण आठ दिवस गातंय?"

मुलगा हसला. "हट्टाला पेटलीय. वजन मात्र बरोबर आहे. तुमचाच तराजू जरा बिघडलाय, आठ ग्रॅम खातो."

बाबांनी कप खाली ठेवला. वजनांच्या डब्यातून दोन सारखी वजने काढून त्यांनी माझ्या दोन्ही पारड्यांत ठेवली आणि काटा थांबेपर्यंत वाट पाहिली. काटा मधोमध थांबला. मग त्यांनी वही उघडली. 'पाणी घातले' हे शब्द त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचले.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "चिमीला उचल. आत्ता. जमिनीवरून उचल."

"काय झालं बाबा?"

"आधी उचल."

त्यानंतर त्यांनी झाकण बोटभर उघडले आणि पेन्सिल आत घातली. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे: आत राणी नव्हती, तिने टाकलेली पोकळ कात होती.

मुलाच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता. तो म्हणाला, "पण पाय तर दिसत होते…" एवढेच तीन-चार वेळा म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती चिमीचे कपडे काढून बोटांची बेचकी न् बेचकी, कानांच्या मागे, मानेच्या वळ्या तपासत होती. चिमीला गुदगुल्या होत होत्या. त्या खोलीत तेवढी एकटीच हसत होती.

डॉक्टरांनी फोनवर सांगितले, की या विषावरचा उतारा या शहरात नाही. कुठे आहे ते शोधायलाच वेळ लागेल. आठ वाजून पन्नास मिनिटांनी जंगली प्राणी पकडणारे दोघे जण जाड हातमोजे घालून आले. त्यांनी माझी पारडी उलटी करून पाहिली, माझ्या पायांखाली विजेरी मारली, आणि मगच बाबांना मला बाहेर नेऊ दिले. तपासून घराबाहेर आलेली वस्तू मी एकटाच.

आता आम्ही सगळे इमारतीच्या जिन्याखालच्या बाकावर आहोत. चिमी आजोबांच्या मांडीवर झोपली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला असा जीव पाळण्याची हौस असेल, तर माझी एवढी विनंती ऐका. ज्याच्या एका चाव्याला तुमच्या घरात उत्तर नाही, त्याला घरात आणू नका. त्यालाही आपले रान सोडून डबीत राहायचे नसते. आणि घरातली एखादी जुनी वस्तू काही सांगू लागली, तर टिचकी मारून तिला गप्प करू नका.

अकरा वाजता त्या दोघांपैकी एक जण जिन्यापाशी आला. टेबलामागे कापसाचा बोळा पडलेला सापडला होता. दिव्याच्या वायरीवरून कोळ्याच्या जाळ्याचा एक चिवट धागा निघून खालच्या टोपलीच्या काठापर्यंत गेला होता.

"त्या टोपलीत काय असतं?" त्याने विचारले.

"शिवून झालेले पडदे," बायको म्हणाली, आणि बोटांवर मोजू लागली. "या आठवड्यात तीन घरी गेले."

तिघांनाही फोन लावले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपले पडदे गच्चीत नेऊन काठीने झटकले. काही निघाले नाही. बेकरीवाल्याने तर पिशवी उघडलीच नव्हती. ती तशीच गाठ मारून पत्र्याच्या पिंपात ठेवली होती, त्या दोघांनी जाऊन तपासली. तिच्यात पडद्यांशिवाय काही नव्हते. तिसरे पडदे समोरच्या रस्त्यावरच्या नव्या जोडप्याचे, हिरवे, झोपायच्या खोलीतले. शुक्रवारी पडदे लावून ते गावाला गेले. आज रात्री परत येणार आहेत.

मुलाने त्यांना सतरा वेळा फोन केला. फोन बंद आहे. 'घरात पाऊल टाकू नका' असा निरोप त्याने पाठवला आहे. संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. निरोपापुढे अजून एकच टिक आहे.