‘ही’ लिहिलेला फ्यूज

जुन्या व्यापारी इमारतीचा मुख्य बोर्ड बदलायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षांपूर्वी तो माझ्या बाबांनीच बसवला होता. प्रत्येक फ्यूजखाली त्यांचं अक्षर होतं: जिना, पंप, पहिला मजला, दुसरा मजला. शेवटच्या फ्यूजखाली नुसतं ‘ही’.

“ही म्हणजे कोण हो?” मॅनेजर हसला.

“कप्पाळ!” मी खेकसलो. बाबा आईचं नाव घेत नसत, ‘ही’च म्हणत.

वायर धरून शोधत गेलो. ती वेगळी लाइन दुसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत गेली होती. तिथे आईचं शिवणकाम चालायचं. आई सांगायची, “अख्खा मजला अंधारात गेला तरी माझं मशीन चालू. नशीब माझं! नाहीतर तुझ्या बाबांना माझं मेलीचं काय पडलंय?” बाबा समोरच बसून ऐकायचे आणि चहा प्यायचे. मरेपर्यंत तिनं तेच ऐकवलं. आता दोघंही नाहीत.

“ती खोली बंदच असते,” मॅनेजर म्हणाला. “तोडा ती लाइन.”

टेस्टर लावला, तर दिवा लागला. लाइन अजून चालू होती.

मी तोडली. बाबा, एकदा तिला सांगितलं असतंत तर जीभ झिजली असती का?