लाल दोरा, हिरवा दोरा

"अहो, इकडे या आधी! गेला, गेला एकदाचा!"

मीटरकाका अर्ध्या गालाची दाढी तशीच टाकून धावले. सकाळच्या वेळी 'गेला' हा शब्द कानावर पडल्यावर माणूस जसा येईल तसेच आले. बघतात तर टेलिफोनबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसलेल्या, कानात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला जुना स्टेथोस्कोप, मांडीवर गळ्यात लाल दोरा बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू उताणं, आणि चेहरा असा की जणू नोकरीतली सगळी बढती आजच हातात पडली.

"कोण गेला?"

"आवाज! हिच्या छातीतला. ठोक्याच्या मागून फुस्स करून यायचा ना, तो. आठवडाभर सर्दीने माझ्या कानांना दडे बसले होते. आज लावून बघते तर काय, ठणठणीत वाजतंय!"

"हिच्या छातीत आवाज होता?"

"होता तर. लस टोचताना डॉक्टरीणबाईंनी ऐकला. म्हणून तर हिला कुणाला दिली नाही. तुम्हाला बोलले नाही, कारण शेजारच्यांचा नळ गळला तरी तुमची झोप उडते."

काकांच्या गालावरचा फेस ओघळून गंजीफ्रॉकवर आला. बाईंना वाटलं, आनंदाने वाचा गेली. पण संसारात इतकी वर्षं काढल्यावर नवऱ्याचा आनंद कसा दिसतो हे बाईला ठाऊक असतं. हा तो नव्हता.

टेलिफोनबाईंची उभी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेली आणि मीटरकाकांची दारोदार विजेचे मीटर वाचण्यात. गल्लीने दोघांना नावं दिली ती त्यावरून. निवृत्तीनंतर बाईंनी लांब कानांचे स्पॅनियल पाळले, आणि अधूनमधून घरातच एखादं वेत होऊ देऊ लागल्या. धंदा म्हणावा तर त्यातून चहासाखर निघत नव्हती, छंद म्हणावा तर इतकी शिस्त छंदाला सोसत नाही. या जातीचं दुखणं हृदयात, म्हणून आई आणि बाप दोघांची हृदयं मोठ्या डॉक्टरांकडून तपासल्याशिवाय बाई सोयरीक जमवत नसत. मखमल कुत्रीला पहिलं बाळंतपण चांगली थोराड झाल्यावर, दुसरं तिची तब्येत पुरती भरून आल्यावर, आणि तिसरं नाही म्हणजे नाही. पिल्लं वाढायची स्वयंपाकघरात, म्हणजे भांडं आपटलं, मिक्सर लागला, तरी पुढे कुणाच्या घरी दचकायला नकोत.

गिऱ्हाइकाची तर उलटतपासणीच व्हायची. घरात दिवसभर कोण असतं? गावाला गेलात तर कोण बघेल? मागचं कुत्रं कशाने गेलं? एकजण भल्या मोठ्या गाडीतून आला आणि म्हणाला, बायकोच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. बाई म्हणाल्या, "मग साडी द्या. आवडली नाही तर कपाटात राहते."

यंदा मखमलला चार पिल्लं झाली. ओळखायला बाईंनी गळ्यात रंगीत लोकरीचे दोरे बांधले, कारण त्यातली दोन अगदी एका साच्यातली होती. बदामी ठिपके, पांढरं कपाळ, तीच शेपटी. एकीला लाल दोरा, एकीला हिरवा. बाईंचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दोऱ्यावर जास्त विश्वास. एक्स्चेंजमध्ये जन्मभर कुठली तार कुठल्या भोकात हे रंगावर चालवलेलं.

लाल दोऱ्याच्या छातीत आवाज निघाला. ती घरी राहिली. बाकीची दोन चांगल्या घरी गेली, आणि हिरवी गल्लीच्या टोकाच्या टेलरकडे. टेलर एकटाच. त्याची म्हातारी कुत्री हृदयाच्या दुखण्याने दुकानाच्या पायरीवर गेली, त्यानंतर दोन दिवस त्याने दुकान उघडलं नव्हतं. तीन वेळा पिल्लू बघायला येऊन त्याने विचारलं होतं एवढंच, "बाई, हृदय धड आहे ना? बाकी कशीही असू दे." आणि बाई म्हणाल्या होत्या, "माझा शब्द."

"अगं," काका फरशीकडे बघत म्हणाले, "ही ती नाहीच."

"कोण कोण नाही?"

"ही लाल नाही. ही हिरवी. मी... आंघोळीच्या दिवशी दोरे बदलले."

बाई रागावल्या की आवाज चढत नसे, उलट एक्स्चेंजमधला यायचा, गोड आणि सपाट. "थांबा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून सांगण्यासारखं फार नव्हतं. हिरवीवर काकांचा जीव जडला होता. ती त्यांच्या चपलेत झोपायची. तिला ते गुपचूप ठकी म्हणायचे. एक घरी राहणार आणि ती लाल, हे बाईंनी जाहीर केलं, पण का ते सांगितलं नाही. काकांना वाटलं, बायकोला लाल रंग आवडतो! मग टेलर यायच्या आदल्या दिवशी पिल्लांना न्हाऊ घालताना, ओले दोरे सोडायचेच होते, बांधताना इकडचा तिकडे बांधला.

"मला वाटलं, दोन्ही पिल्लंच. कुणाचं काय बिघडतंय?"

बाईंनी पिल्लाच्या गळ्यातला लाल दोरा सोडून हातात घेतला. काका अशा वेळी नेहमी करायचे तेच त्यांनी केलं, म्हणजे शहाणपणा सुचवला. "मी काय म्हणतो, संध्याकाळी जाऊन सहज खेळवता खेळवता बदलून आणू. त्याला कुठं कळणार?"

"तुम्हाला दोघी वेगळ्या कळल्या ना? कशावरून?"

"चेहऱ्यावरून. असं काय विचारतेस?"

"मग त्यालाही कळेल. आठवडा झालाय."

काकांची पळवाट तिथेच बंद झाली. बाईंपाशी मात्र आणखी एक पळवाट होती आणि ती त्यांना लख्ख दिसत होती: काहीच करायचं नाही. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या की असला आवाज कधी कधी वयाबरोबर आपोआप जातो. गेला तर प्रश्नच मिटला. नाही गेला तरी टेलरला कळायला वर्षं जातील. बाईंनी ही पळवाट मनातल्या मनात नीट उलटीपालटी करून पाहिली, कारण प्रामाणिक माणसंही हिशेब करतात. मग त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि साडीच्या निऱ्या झटकल्या.

"दाढी पुरी करा. आणि तुमच्या ठकीला टोपलीत घ्या. त्याला ही हवी असली तर हीच द्यावी लागेल."

टोपली काकांनीच उचलली. गल्ली संपेपर्यंत ते झाकणाच्या फटीतून एक बोट आत घालून चालले होते.

टेलर एका ब्लाउजच्या बाहीला टाचण्या लावत होता. चार टाचण्या ओठांत धरलेल्या, त्यामुळे त्याने मानेनेच 'या' म्हटलं. लाल नाही आणि हिरवी नाही असं ते पिल्लू, आता बिनदोऱ्याचं, चिंध्यांच्या ढिगातून डोकं काढून शेपटी हलवायला लागलं. बाईंनी घसा साफ केला. वाटेत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण काका त्यांच्या पुढे झाले.

"टेलर, चूक माझी आहे. हिची नाही," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं, चपलेसकट.

टेलरने एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत खोचली. चारही झाल्यावर म्हणाला, "बाई, मी एकच गोष्ट विचारली होती."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मी शब्द दिला होता. तो खोटा पडलाय. म्हणून आलोय."

"नसता आला तर?"

"तर तुम्ही मला चांगली म्हणत राहिला असता."

टेलरने कात्री उगाच उघडून मिटली. मग दुकानाला कुलूप लावलं आणि पिल्लू सदऱ्याच्या आत घातलं. "चला. आधी डॉक्टरांकडे. बाकी नंतर बघू."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मागच्या रस्त्यावर होता. हकिगत ऐकून त्या आधी काकांकडे बघून हसल्या. "काका, तुम्ही मीटर वाचायचात तेव्हा आकडे बदलले नाहीत ना?"

"तिथे कुणावर जीव नव्हता," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी ठकीची छाती ऐकली. स्वच्छ. मग टेलरच्या सदऱ्यातून दुसरी बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा डावीकडे. खोलीत पंखा तेवढा बोलत होता. टेलर भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे असा बघत होता की ते चित्र आता शिवायलाच घ्यायचंय.

"काकू, तुम्ही ऐका," त्या म्हणाल्या.

बाईंनी ऐकलं. ठोका, ठोका, आणि मागून अगदी पुसट, एखाद्याने दूर कुठेतरी फुंकर घालावी तसं काहीतरी. लसीच्या दिवशी होता त्याच्या मानाने काहीच नाही.

"कमी झालाय," बाई म्हणाल्या.

"बराच. वाढत्या पिल्लांत असतो तसला दिसतोय. जाईल असं वाटतं. लिहून मात्र देणार नाही. पुढच्या महिन्यात दाखवा, मग कळेल."

बाईंनी मांडीखालचं स्टूल चाचपून पाहिलं, आपण बसलोय ना याची खात्री करायला. इतका वेळ त्या बसल्या होत्या हे त्यांना आत्ता कळलं.

"आता तुम्ही सांगा," त्या टेलरला म्हणाल्या. "ही हवी की ती, का दोन्ही नकोत. आमचं काही म्हणणं नाही."

काकांनी टोपलीचं झाकण स्वतःच उघडून टेलरसमोर धरलं. नजर मात्र ठकीवरच होती.

टेलरने दोघींकडे पाहिलं. ठकीने त्याचं बोट हुंगलं आणि सोडून दिलं. दुसरी टेबलावरून घसरत घसरत त्याच्याकडे निघाली होती आणि डॉक्टरीणबाई तिला दोनदा मागे ओढून थकल्या.

"रात्री ही माझ्या उशाशी येऊन घोरते," टेलर म्हणाला. "त्या घोरण्यापुढे तुमचा फुस्स आवाज मला काय ऐकू येणार? राहू दे हीच. काका, ती टोपली मिटा आता. तुमच्याकडे बघवत नाही."

काकांनी टोपली मिटली आणि नाक पुसायला खिशातला रुमाल शोधू लागले. तो दाढीच्या फेसाचा निघाला.

"दर महिन्याला दाखवायला मी बरोबर येणार," बाई म्हणाल्या. "आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर तिला आमच्याकडे आणायची. कुणाला देऊन टाकायची नाही."

"आणि शब्द?"

"शब्द आता देत नाही. येते म्हणाले, तेवढं येईन."

टेलर पहिल्यांदा हसला. "हे बरं आहे."

दुकानापर्यंत सगळे बरोबरच आले. टेलरने कुलूप काढलं, पिल्लू खाली सोडलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि अर्धी राहिलेली बाही उचलली. बाई आणि काका पायरी उतरून चार पावलं गेले असतील, मागून मशीनचा आवाज आला, पण नेहमीसारखा धडधडता नाही. एक टाका, मग थोडं थांबून दुसरा. बाईंचे कान, त्यांना राहवेना. त्यांनी वळून पाहिलं.

पिल्लू मशीनच्या पायडलवर अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. टेलरने दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून घेतले होते आणि तो हाताने चाक फिरवत बाही शिवत होता.