दाजींना नको असलेली शेगडी

मी तुदोसे, गवंडी. शेगड्या बांधतो म्हणण्यापेक्षा पाडतो म्हणा. तीस वर्षांपूर्वी नीस्त्रु नदीच्या या काठावर रशियाचा गॅस आला, जवळजवळ फुकटात, तेव्हा घर ऊबदार ठेवणाऱ्या, लाकडावरच्या विटांच्या शेगड्या गावभर मीच पाडल्या. पहिली माझ्या ताईची. दाजी, म्हणजे हरालाम्बिए, गॅसखात्यात फिटर होते. गावातला पहिला नळ त्यांनी सोडला, आणि तेव्हापासून ते असे छाती काढून चालायचे की जणू गॅस त्यांच्याच पोटातून निघतोय.

यंदा एक जानेवारीला गॅस बंद झाला. रशियाने सोडला नाही, बस्स. वीजही त्याच गॅसवर, त्यामुळे दिवे तासन्‌तास गुल. ज्याच्यापासून आम्ही फुटून निघालो त्या नदीपलीकडच्या सरकारने मदत देऊ केली, तर आमच्या पुढाऱ्यांनी नाक मुरडलं. सरपंच स्क्रिपकारू चौकात सांगायचा, "सगळे एका खोलीत झोपा, टोप्या घाला. मॉस्कोतली आपली माणसं आपल्याला सोडणार नाहीत." शी! ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

दाजी चौऱ्याहत्तरचे, छातीचा जुना विकार, आणि खोलीत पाच अंश. ताईचा निरोप आला तसा मी विटा घेऊन गेलो.

कोट आणि तीन गोधड्यांखालून दाजी ओरडले, "एका विटेला हात लावशील तर खबरदार!"

"दाजी, मराल अशाने."

"मरेन! गॅस आणणाऱ्याच्याच घरात शेगडी? मग गाव काय म्हणेल? रशियाने आपल्याला टाकलं, असंच ना?"

"टाकलंच आहे की!"

"थोडा धीर धर. आपलीच माणसं आहेत ती."

ताईने मला डोळ्याने खुणावलं. दुपारी दाजींचा डोळा लागला की मी मागच्या खोलीत चार विटा चढवायचो, ते जागे झाले की थांबायचो. साठी उलटलेला माणूस मी, बहिणीच्या घरात चोरासारखा विटा लावत होतो! महिनाभरात शेगडी जेमतेम छातीएवढी झाली. दाजींना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाला, ऊब द्या. ऊब काय औषधाच्या दुकानात मिळते?

एक फेब्रुवारीला सकाळी गॅस आला. पैसे भरले युरोपने, आणि आमच्या चौकात आभार कोणाचे? मॉस्कोचे!

दाजींनी ताईला सगळे बर्नर पेटवायला लावले. डोळे तापाने लाल झाले होते, तरी खुशीत होते.

"बघ! आले की नाही आपले?"

"दाजी, पैसे युरोपने दिलेत."

"तुझी जीभ झडो! आणि ती मागची शेगडी पाड. मला काय कळत नाही वाटतं?"

मी ताईकडे पाहिलं. "पाड बाबा," ती म्हणाली, "निदान सुखानं जाऊ दे त्यांना." आणि मी पाडली. मला माझीच किळस येते. एकेक वीट पडल्याचा आवाज ऐकत दाजी पलीकडे हसत होते.

चौथ्या दिवशी गेले.

दफनाच्या वेळी स्क्रिपकारू बोलला, "हरालाम्बिएने विश्वास सोडला नाही. आपल्या माणसांनी पाठवलेल्या उबेत त्याने डोळे मिटले." सगळ्यांनी माना डोलावल्या. महिनाभर याच स्क्रिपकारूला शिव्या घालणारी माणसं ही!

ताईच्या घरी बायका जेवणाचं बघत होत्या. सूप केव्हाच उतरवलं होतं, तरी बर्नर रिकामाच भकाभका जळत होता. मी बंद करायला हात घातला, तर शेजारची पेलाग्या खेकसली, "राहू द्या हो! पुन्हा पेटवायला काडी जाईल. काड्या विकत आणाव्या लागतात, गॅसला काय पैसे पडतात?"

टेबलाशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेला स्क्रिपकारू खो खो हसला.

ताई उठली. भिंतीवरचा गॅसचा मोठा कॉक तिने दोन्ही हातांनी पिरगाळून बंद केला.

"अगं एवदोकिया, सूप निवलं तर गरम कशावर करायचं?" पेलाग्या म्हणाली.

"निवू दे," ताई म्हणाली. "माझा नवरा महिनाभर गारठून मेला. ज्याला गरम जेवायचंय त्याने आपापल्या घरी जावं."