आईकडून आलेलं

"घरात अजून कोण ओढतं सिगारेट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोण ओढत नाही ते विचारा," लिफ्टवाला म्हणाला. "एक आई सोडली तर सगळेच. हे आमचे म्होरके."

शेजारच्या खुर्चीतल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांनी मान खाली घातली. एरवी या विनोदाला तेच आधी हसले असते.

बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात लिफ्टवाल्याची हयात गेली होती. इमारतीच्या माथ्यावरची मोटारीची खोली आणि ग्रीसने बरबटलेल्या बोटांत पेटती सिगारेट, हे त्याचं सुख. बावन्नाव्या वर्षी उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. इस्पितळात एक अभ्यास चालू होता, त्यासाठी त्याने रक्त दिलं. सोबत आलेल्या बाबांनीही हौसेने दंड पुढे केला होता.

"काही जणांच्या शरीरात जन्मतःच थोडा फरक असतो," बाई सांगत होत्या. "त्यांना तलफ जास्त लागते, धूर खोल ओढला जातो, आणि त्याच धुराने नुकसानही जास्त होऊ शकतं. तुमच्यात तो फरक सापडलाय. बाबांच्यात नाही."

"म्हणजे रोग वारशाने आला?"

"रोग नाही आला. धोका वाढला. तुम्ही पेटवलीच नसती, तर बहुधा तो फरक आयुष्यभर गप्प बसला असता. आईंच्यात बसला असेल तसा."

लिफ्टवाल्याला आई आठवली. घरातल्या तीन पुरुषांना 'सोडा रे' म्हणून विनवण्यात जिचा जन्म गेला, तिच्याकडूनच हे यावं?

"आणि माझा धाकटा भाऊ?"

"त्याच्यात असेल, नसेलही. नसलं तरी सिगारेट कुणाची गय करत नाही. बाबा बचावले म्हणून सगळे बचावतील असं नाही. रक्ताच्या तपासणीची वाट बघू नका, त्याला बंद करायला सांगा."

बाहेर आल्यावर त्याने बाबांना बजावलं, "आईला यातलं काही बोलायचं नाही."

"वेडा का मी?" बाबा म्हणाले.

रविवारी तो आईबाबांकडे गेला, तेव्हा धाकटा खिडकीत ओठंगून धूर बाहेर सोडत होता. तो शाळेची गाडी चालवायचा. दादाने सगळं सांगितलं, फक्त आईचं वगळून.

"असेल बाबा," धाकटा म्हणाला. "पण यांच्याकडे बघ ना. सत्तर वर्षं ओढतायत. आपल्या घराण्याला धूर मानवतो. तुझं त्या मोटारीच्या खोलीतल्या धुळीने झालं असणार."

आई बाबांच्या सदऱ्याला बटण लावत होती. तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"तुमचा मामा कशाने गेला, माहितेय का?"

"दम्याने ना?"

"दमा आपला आम्ही म्हणायचो. माझ्या बहिणींची लग्नं व्हायची होती. घरात असला रोग म्हटल्यावर कोण पुढे येणार? फुप्फुसाचाच होता. ओढायचा तोही, पण यांच्या निम्म्यानेसुद्धा नाही. पंचेचाळिशी नाही बघितली त्याने."

लिफ्टवाल्याने बाबांकडे पाहिलं.

"त्यांच्यावर डोळे वटारू नकोस," आई म्हणाली. "त्यांच्या पोटात आजवर काय राहिलंय? त्याच रात्री सांगितलं मला."

"आई, यात तुझा काय दोष?"

"दोष कुठे म्हणतेय मी? मुद्दाम का दिलं तुला? पण माझ्याकडचं आहे, तर मीच सांगायला हवं." मग ती धाकट्याकडे वळली. "नाक माझं घेतलंस, कान माझे. तापटपणा तेवढा यांचा. आत काय कुणाचं आहे, ते मला दिसत नाही रे. एकाला तर..."

धाकट्याने नळाखाली सिगारेट विझवली आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला. शपथबिपथ त्याने घेतली नाही. पुढे दोनदा सोडून दोनदा धरली. तिसऱ्यांदा मात्र सुटली ती सुटलीच.

त्या रविवारनंतर लिफ्टवाला यायचा असला की बाबा आधीच खाली जाऊन उभे राहत. चार मजले, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर बाबा थांबत. "जरा टेकू दे रे. गुडघे फार धरलेत." मग दोघं पायरीवर बसत. बाबांचे गुडघे ठणठणीत होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. लेकाचा श्वास जागेवर येईपर्यंत म्हातारा आपले गुडघे चोळत राही.

शेवटच्या खेपेला तो दोनच मजले चढू शकला. आईने वरून डोकावून पाहिलं. थोड्या वेळाने ती ताटं घेऊन खाली आली. तिघंही तिथेच पायऱ्यांवर बसून जेवली. शेजारीपाजारी अंग चोरून, भिंतीच्या कडेने वरखाली जात राहिले.