तळ्याकाठची दुर्बीण

मित्रांनो, कपाटात जुन्या चादरींच्या मागे पडलेली मी एक दुर्बीण आहे. माझ्या काचा कारागिरांनी अशा निगुतीने घासल्या होत्या, की पलीकडच्या काठावरच्या पाखराचं पीसन्‌पीस दिसावं. पुढे बरेच दिवस मी दुकानात बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चपला पाहिल्या. एका दुपारी शिवणकाम करणारी ताई आत आली आणि मला डोळ्यांना लावून समोरच्या गच्चीवरची चिमणी बघत राहिली. दुकानदार दोनदा खाकरला, तरी तिने मला खाली ठेवलं नाही.

ताई आणि तिचा मोठा भाऊ वस्तीच्या टोकाला राहत. घरामागे तळं होतं आणि तळ्यापलीकडे कापड रंगवण्याचा कारखाना. दादा तिथेच कामाला होता. ताईचं शिलाई मशीन खिडकीशी होतं. हात मोकळा झाला, की ती मला उचले. सुरुवातीला तिला काठावरची सगळी पाखरं सारखीच वाटत. हळूहळू नजर बसली. धावता धावता मध्येच थबकणारा, गळ्यात काळा पट्टा असलेला तो चिखल्या. शेपूट सारखी खालीवर हलवतो तो तुतवार. लांब लाल पायांचा तो शेकाट्या. गिऱ्हाइकांची मापं सोडून पाखरांची घेतेस, अशी दादा चेष्टा करायचा. पण सुट्टीच्या दिवशी मला आधी तोच पळवायचा. टिबुकलीने बुडी मारली, की ती कुठे वर येणार यावर दोघं पैज लावत आणि दादा हटकून हरे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका हिवाळ्यात ताईला एक शेकाट्या दिसला. तो उभा होता, पण मान सावरत नव्हती. चोच पुन्हा पुन्हा पाण्यात टेकत होती. दुसऱ्या दिवशी तसे आणखी दिसले आणि नंतर उताणे पडलेले. ताईने मला काठाकाठाने फिरवलं. लव्हाळ्यांच्या आड एक नळ होता. त्यातून जांभळट पाणी येत होतं आणि नळाची चावी फिरवणारा माणूस दादा होता.

जेवताना तिने विचारलं, "दादा, तळ्यात काय सोडता रे?"

दादाने ताटावरून मान वर केली नाही. "मालक सांगतात, मी चावी फिरवतो. पुढचं मला विचारू नकोस."

दुसरं काम मिळेपर्यंत गप्प राहा, अशी त्याने तिला गळ घातली. ती काही दिवस गप्प राहिलीही. पण तळ्याच्या काठावर वस्तीच्या विहिरी होत्या. शेजारणीचं लेकरू उलट्यांनी गळून गेलं, तेव्हा ताई मला गळ्यात अडकवून आरोग्य खात्याच्या साहेबांकडे गेली आणि त्यांना खिडकीशी घेऊन आली. साहेबांनी माझ्यातून बराच वेळ पाहिलं. मग खालच्या आवाजात त्यांनी सगळ्या विहिरी बंद करायला सांगितल्या.

लेकरू वाचलं. कारखान्याला टाळं लागलं. मालकाने मात्र सगळं खापर दादावर फोडलं, की नळ याने परस्पर उघडला. वस्तीतल्या कितीतरी जणांची कामं गेली आणि ते ताईशी बोलेनासे झाले. कुणी कपडे शिवायला टाकेना. दादा तुरुंगात गेला. ताई भेटायला गेली, तर तो बाहेर आला नाही. त्या संध्याकाळी तिने मला कपाटात ठेवलं.

कपाटाच्या ओलीने माझ्या काचांवर बुरशी चढली. दादा सुटून आला, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. घरात शिरून तो थेट कपाटाशी गेला. त्याने कपाट उघडलं, मला काढून खिडकीशी नेलं आणि डोळ्यांना लावलं.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसायला उरलंय काय तिथं?" ताई म्हणाली आणि मशीन चालवत राहिली. त्याने मला पुन्हा चादरींमागे ठेवलं.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवायला हवं होतं, पण माझं जाऊ द्या. तुमच्या घराजवळ पाणी असेल, तर तिथली पाखरं आजच ओळखून ठेवा. कोण कसं उभं राहतं हे ठाऊक असेल, तरच एखादं कोसळायला लागल्याचं कळेल. आणि ते सांगायला कुणी पुढे आलं, तर त्या माणसाला एकटं पडू देऊ नका.