मागच्या दारावरचा गिलावा

मी एक जुना गिलावा आहे. गिलावा म्हणजे घराच्या भिंतीवरचा जाड थर, ज्याला तुम्ही प्लास्टर म्हणता. अजून सोपं करून सांगू? तुम्ही चेंडू आपटता, खिळ्याने नावं कोरता, ते सगळं माझ्या अंगावर. आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हा मित्रांनो, बोलण्यात थोडं कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म चुन्यातून आणि वाळूतून झाला. तेव्हाच्या गवंड्यांनी चुना चांगला भिजू दिला, वाळू दोनदा चाळली, मला भिंतीवर थापलं आणि वर पाणी मारत राहिले. मी असा गुळगुळीत झालो की रस्त्याने जाणारे थांबून हात फिरवून बघायचे. "काय काम आहे!" म्हणायचे. मला कोण आनंद व्हायचा! पावसात भिजायचं आणि उन्हात वाळायचं, एवढंच माझं काम. आतल्या विटांना मी कधी थेंबाचा त्रास होऊ दिला नाही.

मग या घरात कोणाला तरी अवदसा आठवली आणि त्याने माझ्यावर चकचकीत तेलाचा रंग फासला. झालं! भेगांतून पाणी आत शिरायला वाट, पण बाहेर यायला नाही. मी आतल्या आत कुजत गेलो. पोपडे सुटले. आणि मागच्या दाराच्या वर तर माझं चक्क पोट सुटलं. तिथे मी भिंतीला धरून नव्हतोच, नुसता रंगाच्या सालीवर लटकत होतो.

या घरात तिघं राहतात. एक शाळेत शिकवणारी बाई, गोदामात काम करणारा तिचा नवरा, आणि नवऱ्याची म्हातारी आई. ही आई रोज मागच्या दाराशी खुर्ची टाकून चहा प्यायची. नेमकी माझ्या सुटलेल्या पोटाखाली! माझ्या जिवाला घोर लागला. मित्रांनो, मला काढून टाका असं मी स्वतः म्हणत होतो, पण भिंतीचं कोण ऐकतंय?

बाईंच्या मात्र लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अहो, मागच्या बाजूचं सगळं प्लास्टर पडायला आलंय. काढून घेऊ या."

"कशाला? रंगाचा एक हात मारला की झालं."

"सुजलेल्या गालावर पावडर लावून सूज उतरते का?"

त्यावर नवऱ्याने मान डोलावली आणि मला काढायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, ठरवायला बसले! आधी वरून काढायचं की खालून? खिडक्यांना प्लास्टिक लावायचं की जुन्या चादरी? राडारोडा टाकायचा कुठे? शेजारणीचे कपडे वाळत असतात, तिला सांगायचं कोणी? एवढ्या चर्चेत एखादं लग्न ठरून पार पडलं असतं. मग शाळेच्या परीक्षा आल्या. मग नवऱ्याचा खांदा धरला. मग पाहुणे आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जुनं काम मजबूत असतं हो, कशाला हात लावता?" त्या पाहुण्यांना दोन मिनिटं त्या खुर्चीवर बसवायला हवं होतं!

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बाईंनी खडू घेतला, लाकडी हातोडी घेतली आणि शिडीवर चढल्या. जागोजागी ठोकून कान लावून ऐकू लागल्या. टणक आवाज आला की मी घट्ट, बद्द आवाज आला की मी पोकळ. किती बरं वाटलं मला! कोणीतरी इतक्या वर्षांनी माझी विचारपूस करत होतं. घट्ट जागी त्यांनी टिक केली, पोकळ जागी फुली मारली. पोटावर तर चांगली ठसठशीत फुली मारली. शाळेतल्या बाई त्या. चुकलेल्यावर फुली आणि बरोबर असेल त्याला टिक. फुली तेवढी काढायची आणि टिक ठेवायची. आता सुटलो, असं मला वाटलं.

कामाच्या दिवशी बाईंना शाळा होती. पायात चपला सरकवत त्या म्हणाल्या, "खुणा केल्यात, तेवढं बघून घ्या."

"कळतं मला," नवरा म्हणाला.

डोंबल कळत होतं! गोदामात तो उभा जन्म खुणा करत आला आहे. तिथे टिक म्हणजे माल उचला आणि फुली म्हणजे हात लावू नका. गवंडी आला तसा नवऱ्याने भिंतीकडे हात केला. "टिक आहे ते फोडायचं. फुली आहे ते ठेवायचं."

गवंड्याने एका टिकेवर हातोडी मारून बघितली. "साहेब, हे तर घट्ट लागतंय."

"आमच्या हिने स्वतः खुणा केल्यात. तू फोड."

"माझं काय, तुम्ही म्हणाल तसं," म्हणून त्याने छन्नी लावली.

तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि धूळ बघून थबकली. मुलगा प्रेमाने म्हणाला, "आई, तू तुझ्या जागेवर खुशाल बस. तिथे फुली आहे. त्या बाजूला आज काहीच पडणार नाही."

आई बसली.

काय सांगू मित्रांनो! गवंडी माझ्या धडधाकट अंगावर घाव घालत होता आणि प्रत्येक घावाला तिकडे माझं पोट थरथरत होतं. अरे बाबांनो, इकडे बघा, इकडे! मी जीव खाऊन भिंतीला धरायला गेलो, पण धरू कशाने? मागे नुसती पोकळी. रंगाची साल कडेने टरटर फाटायला लागली. माझ्यातली चिमूटभर वाळू सुटली आणि थेट आईच्या कपात पडली.

"अगं बाई!" आई चिडली. "या घरात आता चहासुद्धा सुखाने पिऊ देत नाहीत!"

"आई, बस ना, मी दुसरा करून आणतो."

"राहू दे. तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी." ती पुटपुटत उठली आणि दारातून आत गेली.

आणि मी पडलो. ते पोट अख्खंच्या अख्खं, विटेच्या तुकड्यांसकट. खुर्चीचे चारही पाय फाकले आणि पाठ मोडून पार अंगणात जाऊन पडली.

गवंड्याने छन्नी टाकली. नवरा धावत आला, "आई! आई!" करत दोन्ही हातांनी माझे तुकडे उपसायला लागला. ती आत गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती, तरी उपसत होता. आई दारात येऊन उभी राहिली. तिने खुर्चीकडे बघितलं, वर भिंतीकडे बघितलं आणि मुलाच्या दंडाला धरलं. "ऊठ आधी तिथून. उरलेलं तुझ्या डोक्यात पडेल."

तो उठला आणि एवढा मोठा माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

संध्याकाळी बाई आल्या. चांगला गिलावा फुटलेला आणि फुलीचा बाकीचा पोकळ तसाच भिंतीवर, हे बघून त्यांचा पारा चढला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर खुर्चीवर गेली. मग त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी निदान तोंडाने सांगायला हवं होतं हो."

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

आता मी रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडलो आहे, गाडीची वाट बघत. मला भिंतीवरून उतरल्याचं दुःख नाही. माझं काम मी केलं. पण एक सांगतो, मित्रांनो. दुसऱ्याने केलेली खूण आपल्याला कळली असं कितीही वाटलं, तरी एकदा विचारा. विचारायला मिनिटभर लागतं. मला पडायला तेवढंही लागलं नाही.