शेवटच्या खेपेचे टोमॅटो

"ह्या खेपेच्या बरण्या फेकून दे गं. लिंबू पिळलं की नाही, मला आठवतच नाही."

सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, तेव्हा सुनेने कडेवरच्या चिमीचं नाक पुसता पुसता ते हसण्यावारी नेलं होतं. "आई, तुम्ही आणि विसरणार? काहीतरीच तुमचं!" टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, काचेच्या बरण्यांत दाबून भरायचे, प्रत्येकीत लिंबाचा रस घालायचा, झाकणं लावून बरण्या पुन्हा उकळायच्या, हे सगळं सासूबाई झोपेतसुद्धा बिनचूक करतील, अशी त्यांची ख्याती. आंबटपणा कमी पडला तर बंद बरणीत विष धरतं, हे सुनेने कॉलेजात असताना वाचलंही होतं. पण वाचलेलं आणि घरातलं, यांची गाठ पडते कुठे?

मग सासूबाई गेल्या, आणि त्या लालभडक बरण्यांना हात लावायची कुणाची छाती होईना. सासऱ्यांनी त्या उचलून अंगणापलीकडच्या आपल्या खोलीत नेल्या. जेवायचेही तिथेच, एकटे. "मला कुणाची चाकरी नको," म्हणायचे.

त्या दुपारी ती चिमीला घेऊन डोकावली. सासरे पाव घेऊन बसले होते. पुढ्यात उघडी बरणी.

"या, या! दोघी आलात?"

"हो बाबा, मी नि चिमी."

"चिमीला कोण मोजतंय? ती काय, कडेवर. तुझ्याशेजारी ही उभी आहे, तिला म्हणतोय मी."

तिने वळून पाहिलं. शेजारी नुसती भिंत होती. दुःख ताजं आहे, होतं असं माणसाला, तिने मनाची समजूत घातली आणि मुद्दाम हसून विचारलं, "कशा दिसताहेत आई?"

"तरुण! अगदी तुझ्याच अंगलटीची. आणि तिच्याही कडेवर पोर आहे बघ. आपला बंड्या असणार."

बंड्या म्हणजे तिचा नवरा.

घास तोंडात असल्यासारखे त्यांचे शब्द जड येत होते. पण पाव तर अजून मोडलाही नव्हता. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

"बाबा, जेवला का नाहीत?"

"गिळवत नाही गं आज. काल मात्र चांगली अर्धी बरणी संपवली. गारच. गरम केलं की तिच्या हातची चव जाते." त्यांनी चमचा भरून पुढे केला. "आ कर चिमे, आजीच्या हातचं."

चिमीने चिमणीसारखा आ वासला.

सुनेने चमचा असा उडवला की भिंतभर लाल शिंतोडे झाले. सासरे दुखावले. हळूच म्हणाले, "अगं, तिच्यादेखत?"

दवाखान्यात डॉक्टरांनी काही विचारायच्या आत तिने बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

"या विषाने डोळ्यांचे स्नायू सैल पडतात," डॉक्टर म्हणाले. "एकाचे दोन दिसतात. वेळेवर आणलंत."

म्हणजे शेजारची ती बाई आपणच होतो. तिच्या कडेवरची चिमीच. हे कळलं, तरी तिने पुन्हा एकदा शेजारी वळून पाहिलंच.

सासरे बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. मग उतार पडला, जीभ हलकी झाली, पापण्या उचलल्या. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी ती चिमीला घेऊन त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"हो बाबा."

"बरं," म्हणाले, आणि कूस वळवली.

आता जो भेटेल त्याला ती हे सांगत सुटते. लोक कंटाळतात, तरी सांगते. तुम्हालाही तिचं एवढंच म्हणणं आहे: तुमच्या माणसांत कुणी एकटं जेवत असेल, तर आज जाऊन या. फोनवर भागवू नका. समोर बसा, पानात काय आहे ते बघा. आणि खोलीत आणखी कोण आहे, तेही विचारा.